जन्मजात हृद्दोष आणि प्रौढ वयातील हृदयरोपण

एका मनुष्याचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी दुसरे हृदयरोपण केले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. केपटाऊनचा रुग्ण हृद्‌रोहिणींच्या विकाराने जर्जर झालेला प्रौढ गृहस्थ होता. तो अठरा दिवस जगला. ब्रुकलिनचा रुग्ण म्हणजे सदोष हृदय घेऊन जन्मास आलेले, तीन आठवड्यांचेही वय न झालेले एक बालक होते. ते काही तासच जगले. म्हणजे जन्मजात हृद्दोष आणि हृदयरोपण यांचा संबंध या विद्येच्या पहिल्या आठवड्यापासूनचा आहे. तथापि पुढील कित्येक वर्षे या दोन विषयांचे मार्ग निराळे राहिले. जन्मजात दोषांवर दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या, आणि रोपण हे मुख्यत्वे उतारवयातील हृद्रोग्यांचे साधन ठरले. आता हे दोन मार्ग पुन्हा एकत्र येत आहेत. बालपणी दुरुस्त केलेली हृदये तिशी-चाळिशीत थकू लागली आहेत आणि त्या रुग्णांपुढे रोपणाचा प्रश्न उभा राहिला आहे. हा प्रश्न इतर हृद्रोग्यांच्या प्रश्नाहून वेगळा का, आणि त्याचे उत्तर वेळेवर शोधण्यास एवढे महत्त्व का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोषांचे स्वरूप

हृदयाचे चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद रक्त स्वीकारतात व खालचे दोन निलय ते पुढे लोटतात. शरीरातून परत आलेले अशुद्ध रक्त ऊर्ध्व व अधो अशा दोन महानीलांवाटे उजव्या अलिंदात येते, उजव्या निलयातून फुप्फुस-रोहिणीवाटे फुप्फुसांत जाते, तेथे प्राणवायू घेऊन डाव्या अलिंदात परतते आणि डाव्या निलयातून महारोहिणीवाटे सर्व शरीरभर पसरते. दोन्ही बाजूंचे कार्य सारखे दिसले तरी त्यांवरील भार सारखा नसतो. फुप्फुसांतील वाट आखूड व सैल असल्याने उजव्या निलयास थोडाच दाब निर्माण करावा लागतो. डाव्या निलयास त्याच्या कित्येक पट दाब निर्माण करावा लागतो, व म्हणून त्याची भिंत जाड व बळकट असते.

गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एका साध्या नळीला पीळ पडून व तिच्यात पडदे निर्माण होऊन हे चार कप्पे तयार होतात. या घडणीत कोठे चूक झाली की जन्मजात दोष उत्पन्न होतो. जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांत सुमारे आठ ते नऊ बालकांत असा दोष आढळतो. पुष्कळदा तो पडद्यातील लहानशा छिद्राएवढाच असतो, आणि असे छिद्र कधी कधी आपोआप बुजूनही जाते. परंतु काही दोष अवघड असतात. फ्रेंच वैद्य एतिएन फॅलो यांनी १८८८ साली वर्णिलेल्या दोषचतुष्टयात फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते व निलयांमधील पडद्यास छिद्र असते. त्यामुळे अशुद्ध रक्त शरीरात मिसळून बालक निळे पडते. महारोहिण्यांच्या स्थानविपर्ययात महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. आणि सर्वांत बिकट प्रकारात दोहोंपैकी एक निलय जवळजवळ निर्माणच झालेला नसतो. दोन निलयांचे काम एकट्याला करावे लागते.

दुरुस्तीची ऐंशी वर्षे

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी, डॉ. हेलन टॉसिग यांची कल्पना व व्हिव्हियन थॉमस यांचे प्रयोगशाळेतील कौशल्य यांच्या साहाय्याने, हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुस-रोहिणीस जोडली. निळ्या बालकाच्या फुप्फुसांना त्यामुळे अधिक रक्त मिळू लागले. दोष दूर झाला नाही, पण आयुष्य लाभू लागले. १९५३ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने हृदय उघडून अलिंदांमधील छिद्र बुजविले. १९५४ मध्ये मिनियापोलिस येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी बालकाच्या रक्ताभिसरणाचा भार दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरावर सोपवून फॅलोच्या दोषाची संपूर्ण दुरुस्ती केली. स्थानविपर्ययावर स्टॉकहोमचे डॉ. ऑके सेनिंग यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस व टोरांटोचे डॉ. विल्यम मस्टर्ड यांनी १९६३ मध्ये आडमार्गाची युक्ती योजिली. रोहिण्यांची अदलाबदल तशीच ठेवून त्यांनी अलिंदांच्या आत रक्ताचे प्रवाह उलटसुलट वळविले. पुढे १९७५ मध्ये साओ पावलो येथे डॉ. आदिब जातेने यांनी प्रत्यक्ष रोहिण्याच मूळ जागी बसविल्या.

या सर्व प्रयत्नांचे फळ डोळ्यांत भरण्यासारखे आहे. ज्या देशांत बालहृदयशल्याची सोय सर्वत्र आहे तेथे असा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले प्रौढ होतात. त्या देशांत आज जन्मजात हृद्दोष असलेल्या बालकांपेक्षा प्रौढांची संख्या अधिक आहे. जो विकार बालरोगांच्या ग्रंथात एका प्रकरणात मावत असे, तो आता प्रौढ-वैद्यकाचा स्वतंत्र विभाग झाला आहे.

दुरुस्त झालेले हृदय का थकते?

दुरुस्ती आणि निर्दोषता या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुतेक शस्त्रक्रियांत मूळ घडण पालटता येत नाही. आहे त्या सामग्रीतून चालेल अशी व्यवस्था करता येते, आणि त्या व्यवस्थेत काही भागांना त्यांच्या प्रकृतीस न झेपणारे काम करावे लागते. मस्टर्ड किंवा सेनिंग यांच्या पद्धतीने वाचलेल्या व्यक्तीत उजवा निलय जन्मभर सर्व शरीरास रक्त पुरवितो. हलक्या भारासाठी घडलेला हा स्नायू वीस-तीस वर्षे नेटाने काम करतो. मग तो फुगतो, त्याची झडप गळू लागते व हृदयाचा ठेका बिघडतो. फॅलोच्या दोषाची दुरुस्ती झालेल्या व्यक्तीत फुप्फुस-रोहिणीची झडप पुष्कळदा निकामी झालेली असते आणि उजव्या निलयात रक्त मागे येत राहते. ती झडप बदलता येते, पण त्यासाठी योग्य वेळ साधावी लागते.

यांतील सर्वांत उद्बोधक उदाहरण एकनिलयी हृदयाचे आहे. १९६८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे डॉ. फ्रान्सिस फोंताँ यांनी एक धाडसी विचार प्रत्यक्षात उतरविला. काम करणारा निलय जर एकच असेल तर तो शरीरासाठी राखून ठेवावा, आणि शरीरातून परतणारे अशुद्ध रक्त कोणत्याही निलयाच्या मदतीवाचून सरळ फुप्फुसांत सोडावे, हा तो विचार होय. १९७१ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. आज ही रचना टप्प्याटप्प्याने केली जाते. बहुतेकांच्या बाबतीत जन्मानंतर लौकरच एक शस्त्रक्रिया, काही महिन्यांनी ऊर्ध्व महानीला फुप्फुस-रोहिणीस जोडण्याची दुसरी व दोन ते चार वर्षांच्या सुमारास अधो महानीला जोडण्याची तिसरी, असा हा क्रम असतो. जी मुले पूर्वी शैशवातच दगावत ती या उपायाने शाळेत जातात, पदवी घेतात, संसार थाटतात.

परंतु फुप्फुसांत रक्त लोटणारा निलय नसल्याने ते काम नीलांतील वाढीव दाबाला करावे लागते. ज्या नीलांत एरवी दाब अगदी अल्प असतो, त्यांत तो पाऱ्याच्या दहा ते पंधरा मिलिमीटरपर्यंत चढलेला राहतो, आणि तोही रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. धरणाचा फुगवटा मागील शेतांत शिरावा त्याप्रमाणे हा दाब मागील इंद्रियांत शिरतो. यकृत तुंबते व हळूहळू त्यात तंतुमय पेशीजाल वाढते. फोंताँ-रचनेच्या बहुतेक सर्व रुग्णांत काळाच्या ओघात हा बदल थोड्याफार प्रमाणात दिसतो, आणि काहींत यकृताचा कर्करोगही उद्‌भवतो. काहींच्या आतड्यांतून प्रथिने पाझरून जातात व अंगावर सूज येते. क्वचित् श्वासनलिकांत लसीकेच्या घट्ट साच्यासारख्या गुठळ्या तयार होतात. स्वतः फोंताँ यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे मोकळेपणे मान्य केले की, शस्त्रक्रिया सर्वांगांनी निर्दोष झाली तरी या रुग्णांची शक्ती काळानुसार घटत जाते, कारण ही घट त्या रचनेतच अंतर्भूत आहे. आपल्याच उपायाची मर्यादा त्याच्या जनकाने अशी मोजून जगापुढे मांडावी, हे शास्त्रीय सचोटीचे उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रोपणापूर्वीची परीक्षा

अशा थकलेल्या हृदयास औषधे, झडपांची दुरुस्ती, ठेका सुधारणारी साधने हे उपाय आधी योजिले जातात. ते अपुरे पडू लागले म्हणजे रोपणाचा विचार पुढे येतो. येथे पहिली अडचण निदानाची आहे. सामान्य हृद्रोग्यात डावा निलय किती जोराने आकुंचन पावतो यावरून रोगाची पायरी ठरविता येते. एकनिलयी रुग्णात हा मापदंड फसवा ठरतो; निलय चांगला आकुंचन पावत असतानाही एकंदर रुधिराभिसरण कोलमडत असू शकते. शिवाय हे रुग्ण जन्मापासून मर्यादित श्वासावर जगण्यास सरावलेले असतात. जिना चढताना थांबणे ही त्यांच्या दृष्टीने तक्रार नसते, तो त्यांचा स्वभावच झालेला असतो. 'बरे आहे' हे त्यांचे उत्तर खरे मानून वैद्य स्वस्थ बसला तर यकृत व मूत्रपिंडे खालावल्यावरच प्रश्न उघडकीस येतो. म्हणून व्यायामाच्या वेळी शरीर किती प्राणवायू वापरू शकते याचे मोजमाप ठरावीक काळाने घेणे, आणि वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, वजन घटणे, सूज येणे या खुणांकडे लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते.

दुसरी परीक्षा फुप्फुसांची. दात्याचे हृदय निरोगी असते, पण त्याचा उजवा निलय अल्प दाबास सरावलेला असतो. ग्राहीच्या फुप्फुसांतील रोहिण्या कठीण झाल्या असतील तर नवा निलय काही तासांतच हतबल होतो. हा विरोध ब्रिटिश हृद्रोगतज्ज्ञ पॉल वुड यांच्या नावाच्या एककात मोजतात. तो पाच एककांवर असेल व औषधांनीही उतरत नसेल तर केवळ हृदयाचे रोपण सामान्यतः निषिद्ध मानतात. फोंताँ-रचनेत रक्ताचा प्रवाह मंद व स्पंदहीन असल्याने हे माप विश्वासाने घेणे अवघड जाते. खरा विरोध रोपणानंतर प्रवाह वाढल्यावरच कळतो.

तिसरी परीक्षा रक्ताची. बालपणीच्या शस्त्रक्रियांत या रुग्णांना परक्याचे रक्त अनेकदा दिलेले असते. काहींच्या रोहिण्या मृत दात्याच्या ऊतकाने रुंद केलेल्या असतात. शरीर हे परकेपण विसरत नाही. त्याविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे रक्तात राहतात, आणि पुढे येणाऱ्या बहुसंख्य दात्यांची हृदये अशा रुग्णास प्रतिकूल ठरतात. प्रतिपिंडे गाळून काढण्याचे व दाबून ठेवण्याचे उपाय आहेत, पण ते पूर्ण भरवशाचे नाहीत.

चौथी परीक्षा यकृताची. त्यातील तंतुमयता किती खोलवर गेली आहे हे प्रतिमांवरून व ऊतक-परीक्षेवरून ठरवावे लागते. यकृत फारच बिघडले असेल तर हृदय व यकृत यांचे एकत्र रोपण करावे लागते. हे जोड-रोपण निवडक केंद्रांतच होते. मात्र त्याचा एक अनपेक्षित लाभ दिसून आला आहे: एकाच दात्याचे यकृत सोबत असले की नव्या हृदयाचा अव्हेर होण्याची भीती काहीशी कमी होते.

शस्त्रक्रियेतील अडचणी

सामान्य हृदयरोपण हे तंत्रदृष्ट्या आज ठराविक स्वरूपाचे काम झाले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. नॉर्मन शमवे व डॉ. रिचर्ड लोअर यांनी १९६० च्या सुमारास कुत्र्यांवर सिद्ध केलेल्या पद्धतीवरच त्याची उभारणी झाली आहे. जन्मजात दोषाच्या रुग्णात मात्र प्रत्येक पायरी नव्याने योजावी लागते.

आरंभ छाती उघडण्यापासूनच होतो. तीन-चार वेळा उघडून शिवलेल्या उरोस्थीच्या मागे हृदय, रोहिण्या व कृत्रिम नळ्या घट्ट चिकटलेल्या असतात. करवतीचा एक चुकीचा स्पर्श प्राणघातक रक्तस्राव घडवू शकतो. यास्तव आधी प्रतिमांवरून उरोस्थी व रोहिण्या यांमधील अंतर पाहून घेतात, आणि गरज पडल्यास जांघेतील रोहिणी व नीला यांवाटे रुग्ण हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन मगच छाती उघडतात. निळेपणात वाढलेल्या शरीरात महारोहिणीपासून फुप्फुसांकडे जाणाऱ्या असंख्य आडवाटा फुटलेल्या असतात. त्यांतून रक्त वाहत राहते व नव्या हृदयावर जादा भार पडतो. त्यांपैकी मोठ्या वाटा शस्त्रक्रियेपूर्वीच बुजविणे श्रेयस्कर ठरते.

त्यात काळाचे बंधन कठोर असते. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय बर्फात साधारणतः चार तासांपर्यंतच सुरक्षित राहते असे मानतात. चिकटलेली छाती सोडविण्यासच कित्येक तास लागू शकतात. म्हणून दात्याकडे गेलेले पथक व रुग्णाजवळचे पथक यांच्या वेळापत्रकांची सांगड मिनिटामिनिटाने घालावी लागते. रुग्णाची शस्त्रक्रिया बरीच आधी सुरू करावी लागते. काढलेले हृदय यंत्रावर उष्ण व धडधडते ठेवण्याची नवी साधने निघाली आहेत, आणि अशा रुग्णांत त्यांचा विशेष उपयोग होतो.

मग जोडणीचा प्रश्न येतो. फोंताँ-रचनेत महानीला व फुप्फुस-रोहिणी यांचे मूळ संबंध तुटलेले असतात, ते पुन्हा उभारावे लागतात. यासाठी दात्याकडून हृदयासह महारोहिणीची कमान, मानेजवळील नीला व फुप्फुस-रोहिणीच्या दोन्ही शाखा लांबवर घेतल्या जातात. जेथे रुग्णाचे ऊतक अपुरे पडेल तेथे दात्याचे वापरतात. ज्यांचे हृदय व इतर इंद्रिये आरशातील प्रतिमेप्रमाणे उजवीकडची डावीकडे असतात, त्यांच्यातही सरळ घडणीचे हृदय बसविता येते. त्यासाठी महानीलांचा मार्ग वळवून नव्या अलिंदापर्यंत आणावा लागतो. या कामास बालकांच्या हृदयशल्याचा व प्रौढांच्या रोपणाचा असा दुहेरी अनुभव लागतो. दोन्ही अनुभव एका छताखाली असलेली केंद्रे जगात थोडीच आहेत. ब्रिटनमधील न्यूकॅसलचे फ्रीमन रुग्णालय हे त्यांपैकी एक होय.

पहिले वर्ष आणि त्यानंतरची वर्षे

या सर्व अडचणींचे प्रतिबिंब आकड्यांत पडते. जगभरच्या रोपणांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीनुसार प्रौढांतील एकूण हृदयरोपणांपैकी सुमारे तीन ते चार टक्के रोपणे जन्मजात हृद्दोषाच्या रुग्णांत होतात. त्यांत पहिल्या काही आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतर कारणांसाठी केलेल्या रोपणांपेक्षा ठळकपणे अधिक, आणि जुन्या पाहण्यांत जवळजवळ दुप्पट आढळते. रक्तस्राव, नव्या हृदयाची आरंभीची दुर्बलता, जंतुसंसर्ग आणि अनेक इंद्रियांचे एकाच वेळी खचणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

येथपर्यंतचे चित्र निराशाजनक आहे, आणि याच चित्राकडे पाहून पूर्वी अनेकांना रोपण नाकारले गेले. परंतु त्याच नोंदवहीचे पुढील पान वेगळेच सांगते. जे रुग्ण पहिल्या वर्षाचा उंबरठा ओलांडतात, त्यांचे त्यानंतरचे आयुष्य इतर सर्व गटांतील प्रौढ ग्राहींपेक्षा अधिक असते. पारंभी मागे असलेली रेषा काही वर्षांनी इतरांच्या रेषेस गाठते व पुढे जाते. प्रौढांतील हृदयरोपणानंतरचे मध्यम आयुर्मान एकंदरीत बारा वर्षांहून अधिक आहे. या गटातील पहिले वर्ष पार केलेल्यांचे त्याहूनही बरेच अधिक भरते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. इतर ग्राही बहुधा पन्नाशीपुढील असतात. मधुमेह, धूम्रपान, कठीण झालेल्या रोहिण्या यांचे ओझे त्यांच्या सर्व शरीरावर असते. जन्मजात दोषाचा रुग्ण तरुण असतो. त्याचा दोष एका इंद्रियाच्या घडणीत असतो व बाकीचे शरीर, जर ते वेळेवर वाचविले तर, धडधाकट असते. आतड्यांतून प्रथिने पाझरण्याची व्याधी रोपणानंतर बहुतेकांत नाहीशी होते. औषधांची शिस्त या रुग्णांना लहानपणापासून ठाऊक असते.

अर्थात् नवे हृदय म्हणजे निश्चिंती नव्हे. त्याच्या मज्जातंतू तुटलेल्या असल्याने ते विश्रांतीतही जलद धडधडते व व्यायामास सावकाश प्रतिसाद देते. शरीर त्यास परके मानते, म्हणून प्रतिकारशक्ती दबविणारी औषधे आजन्म घ्यावी लागतात. १९६८ मध्ये जगभर शंभरच्या आसपास हृदयरोपणे झाली, परंतु अव्हेर रोखता न आल्याने बहुतेक केंद्रांनी हा उद्योग सोडून दिला; १९७३ मध्ये स्टॅनफर्ड येथे डॉ. फिलिप केव्ह्ज यांनी नीलेवाटे हृदयाचा सूक्ष्म तुकडा काढून अव्हेर आधीच ओळखण्याची पद्धत आणली, आणि १९८० च्या दशकात मातीतील एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे औषध उपलब्ध झाले, तेव्हाच या विद्येस स्थैर्य आले. ही औषधे मूत्रपिंडांस पीडा देतात, जंतुसंसर्ग व काही कर्करोगांस वाट मोकळी करतात. नव्या हृदयाच्या रोहिण्याही कालांतराने आकसतात. तिशीत रोपण झालेल्या व्यक्तीस पन्नाशीत पुन्हा त्याच दाराशी यावे लागण्याचा संभव असतो.

प्रतीक्षायादी आणि न्याय

हृदये थोडी व गरजू पुष्कळ, अशा स्थितीत कोणास आधी द्यावयाचे हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचा असतो. अमेरिकेत बराच काळ यादीतील स्थान मुख्यतः रुग्णास कोणत्या यंत्राचा वा शिरेतील औषधाचा आधार द्यावा लागतो यावरून ठरत असे. हा निकष हृद्‌रोहिणी-विकाराच्या रुग्णांस लागू पडतो, कारण त्यांच्या डाव्या निलयास यांत्रिक पंप जोडता येतो. एकनिलयी वा विपर्यस्त हृदयास असा पंप जोडणे कित्येकदा दुष्कर असते. परिणामी अत्यवस्थ रुग्णही यादीत खालच्या पायरीवर राहात आणि वाट पाहता पाहता दगावत किंवा रोपणास अपात्र ठरत. ऑक्टोबर १९१८ नव्हे तर अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तेथे सहा पायऱ्यांची नवी पद्धती लागू झाली आणि जन्मजात हृद्दोष हे एका पायरीचे स्वतंत्र कारण म्हणून नोंदले गेले. त्याने अन्याय पुरता मिटला असे नाही. परंतु सर्वांस एकच माप लावणे म्हणजे समानता नव्हे, हे तत्त्व मात्र मान्य झाले.

भारतातील परिस्थिती

भारताचा या विद्येशी संबंध तिच्या आरंभापासूनचा आहे. केपटाऊनच्या घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूच्या मृत्यूस त्या वेळी कायद्याची मान्यता नव्हती व अव्हेर रोखणारी प्रभावी औषधेही नव्हती. मानवी अवयव रोपणाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. आज महाराष्ट्रात अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर अशा विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होते.

परंतु येथील प्रश्नाचे स्वरूप पाश्चात्त्य देशांहून निराळे आहे. भारतात दरवर्षी अंदाजे दोन लाख बालके हृद्दोष घेऊन जन्मतात असे मानले जाते, आणि त्यांपैकी फार थोड्यांना वेळेवर शस्त्रक्रिया लाभते. तिकडे दुरुस्त होऊन थकलेली हृदये वैद्यांपुढे येतात. इकडे कधीच दुरुस्त न झालेली हृदये पुष्कळ येतात. निलयांमधील मोठे छिद्र बालपणी न बुजविल्यास फुप्फुसांतील रोहिण्या कायमच्या कठीण होतात आणि रक्ताचा प्रवाह उलटतो. व्हिएन्नाचे व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये हा प्रकार प्रथम वर्णिला. या अवस्थेत छिद्र बुजविणे घातक ठरते व केवळ हृदय बदलूनही भागत नाही. हृदय व दोन्ही फुप्फुसे यांचे एकत्र रोपण हाच बहुधा मार्ग उरतो, आणि तो अत्यंत थोड्यांना उपलब्ध होतो. बालपणी एका शस्त्रक्रियेने जे साधले असते ते पंचविशीत तीन अवयवांनीही साधेलच असे नाही. बालकांच्या आरोग्यतपासणीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात जन्मजात हृद्दोषांचा समावेश आहे, ही म्हणूनच रोपणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची गोष्ट होय.

समारोप

वरील विवेचनावरून एक सूत्र स्पष्ट होते. जन्मजात हृद्दोषाच्या प्रौढ रुग्णास रोपणात जो अधिक धोका असतो तो बहुतांशी आरंभीच्या काळातील आहे, आणि त्यातील मोठा वाटा विलंबाचा आहे. यकृत सुकण्यापूर्वी, मूत्रपिंडे खचण्यापूर्वी, अंगावरचे मांस झडण्यापूर्वी जो रुग्ण अनुभवी केंद्रात पोहोचतो त्याचे पहिले वर्ष सुकर होते. आणि पहिले वर्ष सुकर झाले की पुढील वर्षे त्याच्या बाजूची असतात. रोपण हा सर्व उपाय हरल्यानंतरचा उपाय आहे, ही रूढ समजूत या रुग्णांच्या बाबतीत घातक ठरते. रोपणाची चर्चा लौकर करणे म्हणजे ते लौकर करणे नव्हे. मात्र चर्चाच उशिरा झाली तर निवडीस वाव उरत नाही.

हेच सूत्र मागे, बालपणापर्यंतही नेता येते. आज एखाद्या दोन वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदास त्या मुलाचे तिसावे वर्षही डोळ्यांपुढे ठेवावे लागते. परके रक्त शक्य तेवढे कमी द्यावे, परके ऊतक टाळता आल्यास टाळावे, नीला व रोहिण्या पुढील उपयोगासाठी राखाव्यात, आणि उरोस्थीमागे काय ठेवले आहे याची नीट नोंद करून ती त्या कुटुंबाच्या हाती द्यावी, या साध्या गोष्टींचे मोल अठ्ठावीस वर्षांनी, दुसऱ्या कोणा शल्यविशारदाच्या हातून, त्याच छातीवर शस्त्रक्रिया होत असताना कळून येते.